इनामगावचे सुळे : दातावरच्या खड्ड्यातून हवामान वाचता येतं का?

जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा १९९८ चा शोधनिबंध संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात (जि. पुणे) डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली ताम्रपाषाणयुगीन लहान मुलं सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे तपासून लेखकांनी त्यांचा संबंध हवामान आणि अन्नव्यवस्थेतल्या बदलाशी जोडला. संभाजीनगरहून नगरला जाताना लागणारा नेवासाही याच जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे विषय तसा शेजारचाच.

निबंधाची खरी ताकद दाताच्या निवडीत आहे. का, ते बघा. इनॅमल दोन टप्प्यांत बनतं. आधी अमेलोब्लास्ट पेशी प्रथिनयुक्त मऊ थर रचतात. जाडी इथेच ठरते. मग प्रथिनं काढली जातात आणि खनिज भरत जातं, शेवटी वजनाच्या सुमारे ९६ टक्के. पहिल्या टप्प्यात अडथळा आला तर खड्डा पडतो. दुसऱ्या टप्प्यात आला तर जाडी पूर्ण असते, पण इनॅमल डागाळलेलं आणि ठिसूळ राहतं. दात उगवेपर्यंत या पेशी संपलेल्या असतात, त्यामुळे हाडासारखी डागडुजी इथे होत नाही. दुधाच्या सुळ्याचं इनॅमल गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि बाळ वर्षाचं होण्याच्या सुमारास पूर्ण होतं. खड्डा पडला तो याच काळात, एवढं पक्कं.

अडचण पुढे आहे. खड्डा 'कधी' हे सांगतो, 'कशामुळे' हे सांगत नाही. आईचं कुपोषण असेल, बाळाचा आजार असेल, किंवा सुळ्यावरचं हाड पातळ असल्याने बसलेला किरकोळ मारही असेल. शिवाय खड्डा दिसतो म्हणजे मूल त्या त्रासातून वाचलं होतं! जे लगेच दगावलं, त्याच्या दातावर खूणच उमटत नाही. मग खड्डे वाढले म्हणजे आजार वाढला, की तग धरणारी मुलं वाढली? जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सांगाड्यांबाबत हाच पेच मांडला होता. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या पुस्तकात हवामानाची मांडणी पुन्हा तपासली, तीही सोबत वाचा.

माझ्या मते दातांचा भाग भक्कम आहे, पण हवामानाचा दुवा एकट्या दातांवर पेलत नाही. त्याला परागकण, धान्य, प्राण्यांची हाडं असा स्वतंत्र पुरावा लागतो. कुठलाही निबंध वाचताना वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, ते कसं घडतं, त्यावरून काय म्हटलं. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या मधे सापडेल.