‘नकुशी’ : सातारा व सांगली येथील एका नांवाची साधनचिकित्सा

साताऱ्याच्या राज्याचा शेवट औरस पुत्राच्या अभावीं झाला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ५ एप्रिल १८४८ रोजीं छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांनीं घेतलेलें दत्तक डलहौसीच्या सरकारनें नामंजूर केलें व राज्य खालसा झालें. त्या दत्तकप्रकरणाचे कागद संशोधकांनीं मोठ्या आस्थेनें धुंडाळले आहेत. त्याच मुलुखांत नको असतां जन्मास आलेल्या मुलींच्या नांवांचा एखादा संग्रह मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

२२ ऑक्टोबर २०११ रोजीं सातारा येथें सरकारी समारंभ होऊन जिल्ह्यांतील २८५ मुलींचीं ‘नकुशी’, ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशीं नांवें बदलण्यांत आलीं. या कृत्याचें कौतुक झालें व तें योग्यच होतें. हजेरीच्या वेळीं रोज आपलाच धिक्कार ऐकणाऱ्या मुलीस नवें नांव मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु नांव गेलें म्हणजे वृत्तीहि गेली, असा जो अर्थ यावरून काढण्यांत येतो, तो साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं.

हें नांव नेमकी कशाची साक्ष देतें? दोन-तीन मुलींवर आणखी एक झाली कीं पुढला तरी मुलगा व्हावा, या आशेनें तें ठेवीत. म्हणजे मुलगी जन्मली, बारसें झालें, ती वाढली व शाळेच्या पटावर चढली, इतक्या गोष्टी या एका शब्दानें सिद्ध होतात. नांव क्रूर खरें, पण तें जिवंत मुलीचें आहे. शिवाय मुलगा होईपर्यंत बाळंतपणें चालूं देणाऱ्या मोठ्या कुटुंबाचें तें नांव आहे.

तें कुटुंब आतां राहिलें नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें अपत्यांचें मान १९९२-९३ मध्यें २.९ होतें, तें २०१९-२१ मध्यें १.७ वर आलें. राज्यसरकारनें २००१ पासून दोहोंहून अधिक अपत्यें असणारांस स्थानिक संस्थांच्या सभासदत्वास अपात्र ठरविलें. सातारा जिल्हा परिषदेनें २००७ मध्यें निराळी वाट धरली : लग्नानंतर पहिलें मूल दोन वर्षें लांबविणाऱ्या जोडप्यास ५,००० रुपये व तीन वर्षें लांबविणाऱ्यास ७,५०० रुपये. या योजनेस ‘दुसरा मधुचंद्र’ असें थट्टेचें वाटावें असें नांव पडलें, तरी धाकापेक्षां बक्षिसाची ही रीत आम्हांस अधिक सभ्य वाटते. परंतु दोन्ही उपायांत विचार झाला तो मुलांच्या संख्येचा. मुलगा हवाच हा हट्ट कायम आणि जागा दोनच, अशा घरांत तिसऱ्या नकुशीस ठिकाण उरत नाहीं.

येथें जनगणनेचे आंकडे पाहावे. मात्र कोणता रकाना पाहावयाचा याचा विवेक हवा. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ९८८ स्त्रिया होत्या, सबंध राज्यांत ९२९. एवढेंच वाचणारा साताऱ्यास निर्दोष ठरवील. पण या जिल्ह्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गिरणींत व माथाडी कामास जात आले आहेत. गांवीं स्त्रिया अधिक दिसतात त्या त्यामुळें. सहा वर्षांखालील मुलें पोटासाठीं परगांवीं जात नाहींत, म्हणून त्यांचाच रकाना प्रमाण मानला पाहिजे. त्यांत हजार मुलांमागें मुली साताऱ्यांत १९९१ मध्यें ९४१, २००१ मध्यें ८७८. सांगलींत ९२४ वरून ८५१. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा राज्याचा कायदा १९८८ चा व मध्यवर्ती कायदा १९९४ चा, म्हणजे ही घसरण कायद्याच्या डोळ्यांदेखत झाली. मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें मार्च २०१७ मध्यें पुरलेले १९ गर्भ सांपडले, ही तिचीच उत्तरकालीन साक्ष होय.

२०११ सालीं सांगलीचा आंकडा ८६७ व साताऱ्याचा ८९५ असा किंचित् सुधारला. याचें श्रेय नामांतरास देण्याचा मोह होईल, परंतु कालानुक्रम आड येतो : शिरगणती फेब्रुवारींत झाली आणि समारंभ ऑक्टोबरांत. आंकडे उतरून घेणारांनीं पाठभेदाकडेहि लक्ष द्यावें. राज्याचा हाच आंकडा तात्पुरत्या तक्त्यांत ८८३ व अंतिम तक्त्यांत ८९४ आहे. पहिला पाठ घेणारास २००१ च्या ९१३ पासूनची घट जवळजवळ दीडपट दिसेल.

आतां आमच्या व्यवसायबंधूंस एक विनंति. शाळांचे जुने पट व जन्मनोंदींचीं पुस्तकें ज्यांच्या हातीं असतील त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. सरकारी नोंद सुधारली तरी मूळ अक्षरावर शाई फिरूं नये. मात्र ज्या स्त्रियांनीं तें नांव टाकिलें त्या हयात आहेत, तोंवर असे कागद बासनांतच राहावे. छापण्याची घाई कोणी करूं नये. आमच्या दप्तरांतील वंशावळी तर याहून मुक्या आहेत. बापापासून मुलाकडे रेघ ओढीत त्या सात-सात पिढ्या उतरतात, आणि घरांत मुली किती झाल्या, त्यांना काय म्हणत, याचा एक शब्द बहुधा त्यांत सांपडत नाहीं. तेथें ‘नकुशी’ एवढेंहि कोणीं लिहून ठेविलें नाहीं.