'म्हणे'ची साक्ष : ग्रामीण गुन्हेकथेच्या भाषेविषयी

मराठी गुन्हेकथेचा विचार आजवर बहुधा कथानकाच्या अंगाने झाला आहे. रहस्य किती काळ राखले, उलगडा पटण्याजोगा आहे की नाही, हे प्रश्न विचारले गेले आणि ते गैर नव्हेत. परंतु गुन्हा खेड्यात घडतो तेव्हा एवढ्याने भागत नाही. तेथे रहस्य कोणत्या भाषेत लपते आणि कोणत्या भाषेत उघड होते, हेही पाहावे लागते. प्रस्तुत टिपणात हाच एक मुद्दा मांडावयाचा आहे.

आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'कॉपर बीचेस' या १८९२ मधील कथेत शेरलॉक होम्स आगगाडीतून दिसणाऱ्या विखुरलेल्या घरांकडे पाहून अस्वस्थ होतो. शहरात किंकाळी शेजाऱ्यांच्या कानी पडते, एकाकी शेतघरातली कोणीच ऐकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडे तो लागू पडत नाही. वऱ्हाडातले गावठाण दाटीचे, भिंतीला भिंत लागून असते. अकोटहून उत्तरेस, नरनाळ्यापलीकडे मेळघाटात गेले, तरी कोरकूंची घरे समोरासमोर दोन ओळींत वसलेली आढळतात. येथे किंकाळी सर्वांना ऐकू जाते. आपल्या ग्रामीण गुन्हेकथेतले रहस्य अज्ञानातून उद्भवत नाही. सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट स्वतःच्या नावावर कोणी बोलावयाची, या पेचातून ते उद्भवते.

मराठी रहस्यकथेचा साचा मात्र शहरात घडला. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण झुंजार काय किंवा काळापहाड काय, हे मुंबईचे नायक होत. त्यांच्या जगात वेषांतर साधते, कारण शहरात माणूस माणसाला ओळखत नाही. खेड्यातल्या पारावर परका मनुष्य टेकला, की तो कोणाकडचा पाहुणा याची चौकशी चहा येण्यापूर्वीच पुरी होते. तो साचा जसाच्या तसा गावात नेला, तर गाव केवळ देखाव्यापुरते उरते आणि बोली साक्षीदाराच्या किंवा गावंढळाच्या तोंडी विनोदापुरती.

वर सांगितलेल्या पेचाला मराठीत व्याकरणाचा आधार आहे. 'तो रात्रीच गेला' आणि 'तो रात्रीच गेला म्हणे' या दोन वाक्यांत माहिती एकच; भेद आहे तो जबाबदारीचा. 'म्हणे' हे लहानसे अव्यय बोलणाऱ्याला विधानापासून अलग करते. समजा, अकोट तालुक्यातल्या एखाद्या साक्षीदाराने म्हटले : "मले काय मालूम बाप्पा! तो रातीच वावरात गेला म्हने." यावरून लिहिला जाणारा जबाब साधारणतः असा असेल : "सदर इसम रात्री शेतात गेल्याबाबत मला काहीएक माहिती नाही." बोलणाऱ्याने पहिल्या वाक्यात ज्ञान नाकारले आणि दुसऱ्यात ते देऊन टाकले. लिहिणाऱ्याने नकार ठेवला आणि दान गाळले. साक्षीदार कोरकू असेल, तर मुंडा कुळातल्या त्याच्या भाषेतून वऱ्हाडीत किंवा हिंदीत आणि तेथून कागदी मराठीत, अशी दुहेरी गाळणी लागते.

यात लिहिणाऱ्याचा दोष मानण्याचे कारण नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने तोंडी साक्ष प्रत्यक्ष असावी, पाहिलेले पाहणाऱ्यानेच सांगावे, असा दंडक घातला. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो राखला आहे. ऐकीव गोष्टीवर कोणाला शिक्षा होऊ नये, हे योग्यच. परंतु न्यायालयाला जे वर्ज्य, तेच कथाकाराचे खरे क्षेत्र होय. इटालियन लेखक लिओनार्दो शाशा यांच्या 'घुबडाचा दिवस' (१९६१) या कादंबरीत सिसिलीतल्या एका गावी बसमध्ये चढताना मनुष्य मारला जातो, आणि पोलीस येताच उतारू एकामागून एक निघून जातात. उत्तरेकडच्या पार्मा शहरातून आलेल्या कॅप्टन बेलोदीला पुरावा शोधावयाचा असतोच. पण त्याआधी या मौनाचा अर्थ लावावा लागतो.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाते ती कादंबरी नव्हे, चित्रपट आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना'त (१९७५) मारुती कांबळेचे पुढे काय झाले, हा प्रश्न एक दारुडा मास्तर पुनःपुन्हा विचारतो. गावाला जे ठाऊक आहे, ते तो मोठ्याने उच्चारतो. त्याचे धैर्य आहे ते एवढेच, आणि तेवढे पुरते. मात्र प्रश्न बाहेरून आणि प्रमाण भाषेतून येतो, ही या थोर कृतीची मर्यादा.

परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ पासून झालेल्या हत्याकांडाचीही अशीच कथा. अमोल पालेकरांच्या 'आक्रीत'ने (१९८१) तेंडुलकरांच्याच पटकथेतून त्याला हात घातला. २०२४ मधील 'मानवत मर्डर्स' ही मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारलेली, म्हणून तिचा दृष्टिकोन तपासाचा. त्यामुळे मानवतची एक बाजू तिच्या कक्षेत पूर्णपणे येत नाही. गुप्तधन आहे म्हणे, त्याला बळी लागतो म्हणे, अशा कोणाच्याही नसलेल्या वाक्यांतूनच असा गुन्हा वाढतो. जे अव्यय दुर्बळाला सत्य सुचवू देते, तेच एखाद्या स्त्रीला चेटकीणही ठरवू शकते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला ज्या वृत्तींशी झुंजावे लागते, त्यांची भाषाही हीच. तेव्हा 'म्हणे'चे गोडवे गाणे हा येथे हेतू नाही. त्याचे दोन्ही चेहरे दाखविणारी कथा हवी, इतकेच म्हणणे आहे.

बोलीतून एवढा भार पेलेल काय, अशी शंका कोणी घेईल. गो. नी. दांडेकरांची 'पूर्णामायची लेकरं' (१९५७) आणि उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) यांनी वऱ्हाडी किती पेलू शकते, हे दाखविले आहे. त्याहून मागे जावयाचे तर, याच वऱ्हाडात ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून गोळा केल्या. मराठी गद्याच्या आरंभीच साक्षीदाराच्या तोंडची भाषा जपण्याची वृत्ती अशी उभी आहे.

अशा कथेचा नायक गुप्तहेर असण्याची गरज नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावातल्या एका माणसावर गुन्ह्याची वर्दी देण्याचे बंधन घातले आहे. तो पोलीस पाटील. तो गावात राहतो, सोयऱ्याधायऱ्यांत वावरतो, सर्वांबरोबर 'म्हने' बोलतो. आणि ठाण्यात त्याला तेच वाक्य 'म्हने' गाळून उच्चारावे लागते. त्या एका शब्दाच्या गाळण्यात त्याचे शेत, त्याच्या लेकीचे लग्न आणि मेलेल्या माणसाचा न्याय, सारे पणाला लागते. वऱ्हाडीतील गुन्हेकथा लिहिली जावयाची असेल, तर तिने त्याच्या ओठांवर अडलेल्या त्या वाक्यापासून आरंभ करावा.