प्रत हाती नसताना
नेटवर्क ड्रायव्हरांचे शुद्धीकरण आणि खानदेशातले मौन

माझ्या टेबलाच्या खणात एक नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर रिअलटेक या तैवानी कंपनीची आरटीएल ८१३९ ही चिप. साधारण २००० ते २००६ या काळात जळगाव-धुळ्यातल्या सायबर कॅफेंत, झेरॉक्सच्या दुकानांत, जिनिंगच्या कचेऱ्यांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत मी अशी कितीतरी कार्डे बसवली. तीन-चारशे रुपयांत मिळणारे, कोणी कौतुक न केलेले हे कार्ड होते. त्यातली काही अजून चालू आहेत, हे दुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळे मला माहीत आहे.

या लेखाचा विषय मात्र ते कार्ड नाही. त्या कार्डासाठी लिहिलेला, आणि पंचवीस वर्षे अनेक हातांनी दुरुस्त होत आलेला मजकूर हा माझा विषय आहे. या मजकुराला ड्रायव्हर म्हणतात. तो लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये असतो आणि कोणालाही वाचता येतो. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे पाहण्याची सवय लागली, तिच्याच बळावर हा मजकूर वाचू लागलो. त्यातून जे हाती लागले, त्यात एक तक्रार आहे आणि एक कबुलीही आहे.

१

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. धुळ्याच्या कचेरीत अहिराणी बोलणारी म्हातारी आली आणि साहेबाला फक्त कार्यालयीन मराठी येत असेल, तर मध्ये एक माणूस लागतो. त्याला म्हातारीच्या बोलण्यातल्या खाचाखोचा कळाव्या लागतात आणि साहेबाचा अर्जाचा नमुनाही माहीत असावा लागतो. कर्नल हा साहेब आणि कार्ड ही म्हातारी. म्हातारीचे बोलणे बदलत नाही, कारण चिप एकदा घडली की घडली. साहेबाचे नमुने मात्र सारखे बदलतात. म्हणून दुभाष्याला पुन्हा पुन्हा शिकावे लागते. ड्रायव्हरची निगा आणि त्याचे आधुनिकीकरण म्हणतात ते हेच.

८१३९ ही म्हातारी जरा हट्टी आहे. माहिती बाहेर पाठवण्यासाठी तिच्याकडे चारच खाने आहेत. पाठवायचा मजकूर स्मृतीत ठरावीक जागी नीट बसवून दिलेला नसेल तर ती तो घेत नाही, म्हणून ड्रायव्हरला आधी त्याची नक्कल करावी लागते. आलेली सगळी माहिती ती एकाच गोल कणगीत ओतते, आणि तिथूनही एकेक पुडके नक्कल करून उचलावे लागते. महागड्या कार्डांत ही हमाली कार्ड स्वतः करते. इथे ती संगणकाच्या माथी येते. कार्ड स्वस्त का होते, याचे हे उत्तर आहे. उरलेली किंमत दुभाषा चुकवत होता.

२

'८१३९टू' नावाच्या या ड्रायव्हरात अडीच हजारांहून अधिक ओळी आहेत. पोथी हातात आली की अभ्यासक आधी पुष्पिका पाहतो, म्हणजे कोणी, कधी, कशावरून उतरवली ही नोंद. इथे ती सुरुवातीलाच आहे. जेफ गार्झिक यांनी २०००च्या सुमारास हा ड्रायव्हर नव्याने मांडला. त्याचा आधार डोनाल्ड बेकर यांचा जुना ड्रायव्हर होता. बेकर हे नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली साध्या संगणकांची मोट बांधून 'बेओवुल्फ' समूह उभा करणाऱ्यांपैकी एक. लिनक्सच्या आरंभीच्या काळातले कितीतरी इथरनेट ड्रायव्हर त्यांच्या हातचे आहेत. गार्झिक यांनी नवी प्रत करताना बेकर यांची मूळ पुष्पिका खोडली नाही, कात्रणासारखी आत जपून ठेवली. आमच्या पोथ्यांत लेखनिक आधीच्या लेखनिकाचे नाव असे ठेवतोच असे नाही.

त्याखाली हातभार लावणाऱ्यांची यादी आहे, आणि मला या मजकुरातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. एकाने कणगी भरून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तिथली चूक सुधारली. एकाने चिपची कागदोपत्री न सांगितलेली गुणवैशिष्ट्ये कळवली. एकाने फक्त चालवून पाहिले आणि अनुभव कळवला. एकाने तर आपले कार्ड गार्झिक यांच्या कार्डाशी अदलाबदल करून दिले, आणि त्यामुळे जुन्या चिपांवरचा एक मोठा दोष सापडला. म्हणजे ओळ न लिहिता, केवळ वस्तू दिल्याबद्दल किंवा 'चालते' असे कळवल्याबद्दल माणसाचे नाव संहितेत राहिले आहे. इथे साक्षीदारालाही लेखकाच्या पंगतीत पान मांडले जाते.

३

आता आधुनिकीकरणाकडे वळू. याचे एक चांगले उदाहरण २०२० सालचे आहे. संगणक झोपवला आणि जागा केला की नेटवर्क कार्डालाही झोपवावे-उठवावे लागते. जुन्या रीतीत प्रत्येक ड्रायव्हर हे सारे स्वतः करी. कार्डाची स्थिती जपून ठेवणे, वीज कमी करणे, उठताना वीज पूर्ववत करणे, स्थिती परत भरणे, अशी सगळी कामे त्याच्याकडे असत. पुढे कर्नलच्या पीसीआय विभागाने ही सर्वांना समान असलेली कामे स्वतःकडे घेतली. ड्रायव्हरने फक्त आपल्या कार्डापुरते पाहावे, असे ठरले. परंतु कितीतरी जुने ड्रायव्हर जुन्याच रीतीने चालले होते. २०२० साली लिनक्स फाउंडेशनच्या मार्गदर्शन योजनेत एका भारतीय विद्यार्थ्याने असे ड्रायव्हर एकेक करून नव्या रीतीत आणले. ८१३९टू त्यांपैकी एक. बदल पाहिला तर जोडण्यापेक्षा काढणेच जास्त आहे. स्थिती जपणाऱ्या आणि वीज बदलणाऱ्या ओळी गेल्या. कार्डाचे बोलणे थांबवणाऱ्या आणि पुन्हा सुरू करणाऱ्या ओळी राहिल्या. नेमके काय आपले आणि काय सर्वांचे, हे ओळखणे हीच इथली समीक्षा आहे.

मात्र अशा बदलांसोबतच्या टिपणांत एक छोटे वाक्य येते, ज्याचा अर्थ असा: फक्त कंपाइल करून पाहिले आहे. म्हणजे मजकूर व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे एवढीच खात्री झाली, प्रत्यक्ष कार्डावर तो चालवून पाहिलेला नाही. दोष त्या विद्यार्थ्याचा नाही. डझनावारी जुनी कार्डे एका माणसाकडे असणार कुठून? त्याने प्रामाणिकपणे ते लिहून ठेवले, हे उलट मोठेपणाचे आहे. पण संहिता-चिकित्सेच्या भाषेत याचा अर्थ उघड आहे. हे शुद्धीकरण प्रत हाती नसताना झाले.

शुद्धीकरण म्हटले की मराठी वाचकाला एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनी पदरची ओवी त्यात घालू नये असे बजावले. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली त्याही मागे जाण्याचा प्रयत्न केला. आपल्याजवळची प्रत एकनाथपूर्व आहे, असा त्यांचा दावा होता आणि त्यावर वादही झाला. हे साम्य मी फार ताणणार नाही. पोथीचा संशोधक मागे जातो, त्याला जुने रूप हवे असते. ड्रायव्हरचा संशोधक पुढे जातो. त्याला रूप नवे हवे असते, पण अर्थ मात्र तोच राहावा लागतो. दोघांना जोडणारी गोष्ट एकच आहे. पुराव्याशिवाय केलेली दुरुस्ती, कितीही सुबक असली तरी, अंदाजच असते. राजवाडे गावोगाव दप्तरांमागे हिंडले ते याचसाठी.

४

निगा राखली जाण्याची एक पूर्वअट आहे, ती म्हणजे मजकूर मुख्य संहितेत असला पाहिजे. लिनक्स कर्नलच्या आतले नमुने कायम ठेवण्याचे वचन कोणी देत नाही, ते धोरणच आहे. जो नमुना बदलतो, त्यानेच तो वापरणारे सगळे ड्रायव्हर त्याबरोबर दुरुस्त करायचे असतात. पण फक्त संहितेच्या आत असलेले. बाहेरच्यांचे त्यांनी पाहून घ्यावे.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला, हा आपल्या अभिमानाचा इतिहास आहे. पुढच्या परम संगणकांच्या जोडणीसाठी तिथे परमनेट हे जाळे विकसित झाले. मराठी मुलखात घडलेले ते अस्सल नेटवर्क-काम. परंतु लिनक्सच्या मुख्य संहितेतल्या नेटवर्क ड्रायव्हरांमध्ये परमनेट नाही. ती यंत्रे आपापल्या काळात आपापल्या प्रणालींवर चालली आणि थांबली. दुसरीकडे तीनशे रुपयांच्या तैवानी कार्डाचा दुभाषा अजून सुधारला जातो आहे. हा गुणवत्तेचा निवाडा नव्हे. मजकूर कोणाच्या हवाली केला, याचा हा परिणाम आहे. आज राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेत सी-डॅकने 'त्रिनेत्र' हे नवे जाळे घडवले आहे. त्याचा दुभाषा वीस वर्षांनी कोण सांभाळणार, हा प्रश्न यंत्राच्या वेगाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

५

आता तक्रार. कर्नलमध्ये कोणत्या भागाची निगा कोण राखतो, याची एक मोठी यादी असते. प्रत्येक नावापुढे अवस्था लिहिलेली असते. कोणी पगारी सांभाळतो, कोणी हौसेने सांभाळतो, कुठे अधूनमधून दुरुस्ती होते, आणि काहींपुढे 'ऑर्फन', म्हणजे अनाथ, असे लिहिलेले असते. अनाथ मजकूर पुढे कधीतरी काढला जातो. टोकन रिंग २०१२ साली गेले, डेकनेट २०२२ साली. २०२३ साली जुन्या वायरलेस कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढले गेले, त्यांत एकेकाळी सर्वत्र दिसणारा ओरिनोकोही होता.

काढणाऱ्यांची बाजू खोटी नाही. प्रत्येक जुना ड्रायव्हर हा पुढच्या प्रत्येक सुधारणेवरचा कर असतो. कोणी न पाहिलेल्या ओळींत सुरक्षेची भगदाडे राहतात. हे वायरलेस ड्रायव्हर तर कालबाह्य झालेल्या सोयीवर टेकून होते आणि त्यांच्यामुळे ती सोयही हटवता येत नव्हती. निगा राखणारी माणसे थोडी आहेत. घर झाडायचे तर अडगळ काढावीच लागते.

माझा आक्षेप काढण्याला नाही, वापर मोजण्याच्या पद्धतीला आहे. एखादा ड्रायव्हर कोणी वापरते का, हे ठरवताना पाहिले जाते ते असे: अलीकडे कोणी दोष कळवला का, कोणी दुरुस्ती पाठवली का, काढण्याचा प्रस्ताव आल्यावर कोणी हरकत घेतली का. कोणी बोलले नाही, म्हणजे कोणी नाही. पण इंग्रजीत, ठरावीक शिस्तीत पत्र लिहू शकणारा माणूस हा वापरणाऱ्यांचा प्रतिनिधी नसतो. आमच्याकडे कार्ड चालेनासे झाले तर माणूस कर्नलच्या संपादकांना लिहीत नाही. तो दुकानात येतो, मी दुसरे कार्ड बसवतो, आणि नोंद कुठेच होत नाही. मौनाचा अर्थ अनुपस्थिती असा लावणे हे वाईट संशोधन आहे. दप्तरात नाव नाही म्हणून गाव नव्हते, असे राजवाड्यांच्या परंपरेतला कोणी म्हणणार नाही.

तरीही ही तक्रार एवढ्यावर थांबवली तर ती अर्धवट राहील. बहिणाबाईंच्या ओव्या असोद्या-जळगावच्या शेतात, घरोट्यावर म्हटल्या गेल्या. सोपानदेवांनी त्या उतरवल्या नसत्या तर १९५२ साली पुस्तक निघाले नसते. खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. जे बोलले जात नाही आणि लिहिले जात नाही, ते नव्हतेच असे जग धरून चालते. आमच्याकडे वस्तू आहेत. जिथे विद्यार्थ्याजवळ प्रत नव्हती, तिथे ती प्रत माझ्या खणात होती.

२०२१ साली डेबियन ११ आले, त्यात ५.१० हे कर्नल होते. म्हणजे २०२०चे ते बदल त्यात समाविष्ट होते. दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानातली एक जुनी पेटी काढली, ८१३९ बसवले, प्रणाली चढवली. संगणक झोपवला, उठवला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला, जाळे परत आले. वीस-पंचवीस वेळा करून पाहिले. दरवेळी चालले. वहीत तारखेसह लिहून ठेवले.

पत्र मात्र पाठवले नाही. इंग्रजी कच्चे, तिथली रीत माहीत नाही, आणि मी कोण सांगणारा, असे वाटले. बदल आधीच समाविष्ट झाला होता, त्यामुळे माझे नाव कुठे जोडले गेले नसते. पण प्रत हाती घेऊन कोणीतरी पाठ पडताळला आहे, एवढे तरी नोंदले गेले असते. ज्या यादीचे मी वर कौतुक केले, तिच्यातल्या काहींनी याहून अधिक काही केले नव्हते. मी ज्या मौनाला नावे ठेवली, त्यात माझेही मौन आहे.

तालुक्याच्या गावी दुरुस्तीची दुकाने चालवणारे, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत शिकवणारे, विद्यापीठाच्या संगणक विभागांत अडगळ सांभाळणारे कितीतरी लोक आहेत. ती अडगळ म्हणजे आपली दप्तरे आहेत. कोणते कार्ड, कोणते कर्नल, काय केले, काय झाले, एवढ्या चार ओळी मोडक्या इंग्रजीतही पुरतात. वाचणारे व्याकरण पाहत नाहीत, पुरावा पाहतात. हा लेख छापून येईपर्यंत माझ्या वहीतल्या त्या चार ओळी मी पाठवलेल्या असतील. पाच वर्षे उशीर झाला, तरी चालेल. पोथ्यांच्या हिशेबात एवढा उशीर फार नव्हे.