टॅल्बट यांचीं वस्तुचित्रें व त्यांची साक्ष

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा ग्रंथ १८४४ ते १८४६ या अवधींत सहा भागांनीं प्रसिद्ध झाला. त्यांतील २४ छायाचित्रें छापखान्यांत छापलेलीं नसून प्रत्येक प्रतींत हातानें चिकटविलेलीं आहेत. निर्जीव वस्तु मांडून त्यांचें छायाचित्र घेण्याचा प्रघात टॅल्बट यांनीं पाडला असें मात्र म्हणतां येत नाहीं. डागेर यांनीं १८३७ सालींच प्लास्टरच्या प्रतिकृति मांडून तसें चित्र घेतलें होतें. आम्हांस प्रस्तुत ग्रंथाचें महत्त्व वाटतें तें त्यांत छायाचित्राच्या साक्षीविषयीं केलेल्या विधानामुळें.

तिसऱ्या चित्रांत चिनी मातीचीं भांडीं फळ्यांवर ओळीनें मांडलेलीं आहेत. हीं चोरीस गेलीं व चित्र न्यायासनापुढें आलें, तर तो एक अपूर्व मुका पुरावा होईल, असें टॅल्बट म्हणतात. या चित्रापुरतें हें मान्य करण्यास हरकत नाहीं. परंतु आठव्या चित्राचें काय? त्याचें नांव ‘ग्रंथालयांतील देखावा’. आणि घरांत पुरेसा उजेड नसल्यामुळें हे ग्रंथ लेकॉक अ‍ॅबीच्या आवारांत, उघड्यावर मांडले होते असें अभ्यासक मानितात! पोथीच्या मथळ्यावर विसंबून तिचा काल ठरविणाऱ्यास आपण दोष देतों; मग या मथळ्यास सूट कां द्यावी?

आमचाच अनुभव सांगतों. आमच्या संग्रहांतील एका पोथीचें छायाचित्र आम्हीं घेवविलें. छायाचित्रकारानें पानें पंख्यासारखीं पसरलीं, पुढें समई ठेविली. चित्र मोठें देखणें झालें. पुढें ती पोथी एका गृहस्थांनीं उसनी नेली, व परत आली तेव्हां शेवटचीं दोन पानें नव्हतीं. चित्र काढून पाहतों, तों पुष्पिकेच्या जागीं समईची बैठक!

म्हणून आमच्या मतें या ग्रंथांत श्रेष्ठ ठरतें तें नववें चित्र. एका जुन्या कायदेग्रंथाचें मुद्रित पृष्ठ, कॅमेरा न वापरतां, थेट प्रकाशग्राही कागदावर ठेवून तें मूळ आकारांतच घेतलें आहे. येथें मांडणाऱ्याची रसिकता मध्यें येत नाहीं. या रीतीचा प्राचीनवस्तु-संशोधकांस मोठा लाभ होईल हेंही टॅल्बट यांनीं तेथेंच नमूद केलें आहे, आणि तें सहज सुचलेलें नव्हे. १८५७ सालीं असुर देशाचा कीलाक्षर लेख स्वतंत्रपणें वाचणाऱ्या चौघांपैकीं ते एक होत.

उपरोक्त पोथीचीं चित्रें आम्हीं आतां एकेक पान सपाट ठेवून, शेजारीं मोजपट्टी देऊन, पुन्हा घेतलीं आहेत. शेवटचीं दोन पानें अर्थातच त्यांत नाहींत.