याड आणि वेड : गीतकार अजय-अतुल

अजय आणि अतुल गोगावले या भावांविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक संगीतकार म्हणून. ढोल, संबळ, मोठा वाद्यवृंद, अजयचा वरच्या पट्टीतला आवाज, 'जोगवा'साठी मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार, हिंदीतलं यश. त्यांच्या शब्दांकडे सहसा कोणी वळत नाही, आणि त्याला कारणही आहे. 'नटरंग'ची कीर्ती गुरू ठाकूर यांच्या शब्दांशी बांधलेली आहे, तर 'जीव रंगला' संजय कृष्णाजी पाटील यांचं. पण २०१६ मध्ये आलेल्या 'सैराट'च्या गाण्यांचे शब्द मुख्यतः या दोघांचेच आहेत. सोबत दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा वाटा. माझ्या मते या जोडीची खरी कसोटी तिथे लागली.

भावंडांच्या जोड्या लोकसंगीताला नव्या नाहीत. मी राहतो त्या मुल्लानपूरच्या परिसरात, पंजाबात, वडाली बंधू आणि नूरां सिस्टर्स ही नावं घरोघरी माहीत आहेत. वडाली बंधूंची ओळख बुल्लेशाहसारख्या संतकवींच्या रचनांमुळे. शब्द परंपरेचे, आवाज त्यांचा. अमेरिकेच्या कंट्री संगीतात लुव्हिन ब्रदर्स स्वतःची गाणी लिहीत, तर एव्हरली ब्रदर्सची गाजलेली कितीतरी गाणी ब्रायंट पती-पत्नींनी लिहिलेली होती. गाणारे भाऊ आणि लिहिणारे भाऊ यांत फरक असतो. गाणाऱ्यांचे आवाज मिसळलेले आपल्याला ऐकू येतात. लिहिणाऱ्यांचं मिसळणं कागदावर येण्याआधीच होऊन गेलेलं असतं; कुठला शब्द कोणाचा, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. 'अजय-अतुल' या नावात मधली रेघ आहे ती अशी.

वडील महसूल खात्यात असल्यामुळे दोघांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर, घोडेगाव अशा गावांत गेलं. 'सैराट' घडतो सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे. गाण्यांची भाषा काटेकोर करमाळ्याची आहे असं मला वाटत नाही; कानावर पडून मुरलेली गावाकडची मराठी ती. बोलीच्या अभ्यासकाला हे खटकेल. गीतकाराला मात्र बोलीची नोंद करायची नसते, तिच्या उच्चारातून चाल काढायची असते.

'याड लागलं' घ्या. वेड आणि याड, अर्थ एकच. पण 'वे' म्हणताना तोंड आखडतं आणि 'या' म्हणताना उघडतं. गायकाला ताणायला, आळवायला मोकळा 'आ' मिळतो. या गाण्याला व्हायोलिनांचा एवढा मोठा ताफा पेलतो, तो त्या एका अक्षराच्या जोरावर. 'सैराट'चं वाद्यवृंद-ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं, याचं कौतुक तेव्हा फार झालं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की एवढा थाट एका अशुद्ध ठरवलेल्या शब्दाच्या दिमतीला उभा केला. शाळेच्या वहीत ज्या 'याड'वर लाल रेघ ओढली गेली असती, त्याला इथे सिंहासन मिळालं.

दुसरा शब्द 'लागलं'. मराठीत भूक लागते, ठेच लागते, भूत लागतं. यातलं काहीच माणूस करत नाही, ते त्याला होतं. परश्याचं प्रेमही तसंच आहे. २०१८ च्या 'धडक'मध्ये हीच चाल 'पहली बार' झाली. अमिताभ भट्टाचार्य कसलेले गीतकार आहेत, आवाजही अजयचाच. पण 'पहली बार' म्हणताच बाधेची घटना झाली, आणि घटना मोजता येते. चाल तीच राहूनही गाणं निवळलं.

'झिंगाट'चं याच्या उलट झालं. इथल्या मॅरेज पॅलेसमध्ये डीजे ते हमखास वाजवतो, हिंदीतलंच, आणि भांगडा घालणाऱ्यांचं काही अडत नाही. एका शेजाऱ्यांनी मला शब्दाचा अर्थ विचारला. मी नशेत, तालात बेभान असं काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, ते तर ऐकूनच कळलं. बरोबरच आहे, तो शब्द नादानेच अर्थ सांगतो, म्हणून कुठल्याही वरातीत खपतो. पण ज्या चित्रपटात जातीबाहेर प्रेम केल्याबद्दल दोघांना मारलं जातं, त्यातलं गाणं आज जुळवलेल्या लग्नांत सर्वांत जास्त वाजतं. याचा दोष मी भावांना देणार नाही, पण गाणं शब्दांपासून सुटलं की कुणाच्याही घरचं होतं, हे इथे दिसतं.

म्हणूनच 'सैराट'ची रचना मला महत्त्वाची वाटते. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. आर्ची आणि परश्या हैदराबादला पळून गेल्यावर एकही गाणं नाही. भोवती तेलुगू असते, आर्चीची पाटलाची ऐट तिथे चालत नाही, बोली समजणारं कोणी उरत नाही. गाणी जिच्यावर उभी होती ती भाषाच संपते, आणि गाणी थांबतात. शेवट तर संपूर्ण शांततेत होतो. लिहिणाऱ्यांना आणि दिग्दर्शकाला गप्प कुठे व्हायचं हे कळलेलं होतं.

यानंतर २०२२ च्या 'वेड'मध्येही काही गाण्यांचे शब्द भावांनी स्वतः लिहिले. चाली गोड आहेत, अजयचा स्वर तितकाच आर्त आहे. तरी ते शब्द कुठल्याही नायकाच्या तोंडी शोभतील असे आहेत. सहा वर्षांत 'याड'चं 'वेड' झालं. शब्द शुद्ध झाला आणि त्याचं गाव गेलं.

कथा शहरी असेल तर भाषा शहरी येणार, हे मान्य. पण या जोडीला वाद्यवृंद मोठा करण्याची जी हौस आहे, तिच्या निम्मी जरी शब्दाच्या उच्चाराबद्दल टिकली, तर मला त्यांच्याकडून आणखी पुष्कळ अपेक्षा आहे. चाल कुणीही उचलतं. 'धडक'ने उचलली, वरातींनी उचलली. 'याड' मात्र त्यांना कुणाला नेता आलं नाही.