निःशब्द व्याख्यान आणि संख्येची भाषा

एरिक टेंपल बेल यांनी ‘मॅथेमॅटिक्स : क्वीन अँड सर्व्हंट ऑफ सायन्स’ (१९५१) या ग्रंथात सांगितलेली एक हकीकत वारंवार उद्धृत केली जाते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. २ चा ६७ वा घात काढून त्यांनी त्यातून १ वजा केला. मग शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोहोंचे उत्तर एकच आले : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एक शब्दही न उच्चारता कोल जागेवर जाऊन बसले व सभेने टाळ्या वाजविल्या.

गणितास भाषेची गरज नाही, असा अर्थ या हकीकतीतून काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही.

ही संख्या एकवीस अंकी आहे. ‘लीलावती’त दिलेली स्थानांची अठरा नावे परार्धापाशी संपतात, ती पूर्वसूरींनी व्यवहारासाठी योजिली, असे भास्कराचार्यांनीच म्हटले आहे. नावे संपली तरी लेखन थांबत नाही. कारण स्थानमूल्यपद्धती ही स्वतःच एक चिन्हव्यवस्था असून चिन्हांच्या क्रमावरून अर्थ ठरविणे हे तिचे व्याकरण होय. त्या दिवशी वाणी मूक होती, भाषा नव्हे.

तथापि दुसऱ्या टोकास जाणेही योग्य नाही. संख्येचे अवयव लेखनातून निर्माण होत नाहीत. द्विमान पद्धतीत ६३ म्हणजे सहा एकांची ओळ. तिचे तीन-तीनांचे दोन समान गट पडतात, म्हणून ७ हा अवयव डोळ्यांना दिसतो. आपली संख्या त्या पद्धतीत सदुसष्ट एकांची ओळ होते. ६७ ही मूळ संख्या असल्यामुळे तसे गट पडत नाहीत. लेखन येथे काहीच सुचवीत नाही, तरी अवयव आहेतच. मर्सेन यांनी १६४४ मध्ये ही संख्या मूळ मानली. त्यामुळे ती मूळ झाली नाही. गुणधर्म संख्येचा असतो, त्याची ओळख मात्र चिन्हांतून पटते.

बेल यांच्या कथनातील खरी उणीव याहून वेगळी आहे. ही संख्या मूळ नाही, हे ल्यूका यांनी १८७६ मध्येच सिद्ध केले होते. तेही एकही अवयव हाती नसताना. असे ज्ञान गुणाकार मांडून दाखविता येत नाही. त्यास युक्तिवादच लागतो. कोल यांनीही आपली रीत त्याच संस्थेच्या बुलेटिनमध्ये १९०३ मध्ये शब्दांत विशद केली. गुणाकार हा शोधाचा पडताळा होय, शोध नव्हे. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी सांगितल्याचे बेलच नमूद करतात. वर्गात ही हकीकत अवश्य सांगावी; परंतु फळ्यावरील गुणाकारापाशी थांबणारा शिक्षक विद्यार्थ्यास उत्तर देतो आणि विचार मात्र त्याच्यापासून दूर ठेवतो.