वन्समोरचा जमाखर्च

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. संगीतावर मत देण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. पण 'कट्यार काळजात घुसली'चा विषय निघाला की मी धीट होतो. कारण १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात ज्यांनी खाँसाहेब उभे केले, ते वसंतराव देशपांडेही अनेक वर्षं लष्करी हिशेबखात्यात कारकुनीच करत होते. त्यांच्यात आणि माझ्यात साम्य काय ते एवढंच.

आमच्या अण्णांनी वसंतरावांची 'कट्यार' सात वेळा पाहिली आहे. माझ्या लहानपणी हा आकडा चार होता. वसंतराव १९८३ साली गेले, तरी दर दिवाळीला तो वाढतच राहिला. अण्णा बहुधा व्याज धरत असावेत. २०१० साली तेच नाटक नव्याने रंगमंचावर आलं. खाँसाहेब झाले होते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. प्रयोग सुटल्यावर अण्णा रिक्षात बसेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ''नातू शोभतो.'' अण्णांच्या तोंडून यापुढची पदवी आजवर कुणाला मिळालेली नाही.

मग २०१५ साली चित्रपट आला. नाटकाच्या या नव्या संचाचं दिग्दर्शन करणारे सुबोध भावेच त्याचे दिग्दर्शक. ''नाटकाचा सिनेमा? म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण डब्यात भरून आणायचं!'' असं म्हणून अण्णांनी तीन आठवडे काढले. शेवटी आमच्या हिने तिकिटंच काढून आणली. पैसे वाया घालवणं अण्णांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते आले.

आता हिशेब मांडायचा तर जमेची बाजू आधी. रंगमंचावर विश्रामपूरचं वैभव रंगवलेल्या पडद्यांवर भागवायचं. चित्रपटात दरबार, हवेली, सगळं भरघोस. शिवाय सचिन पिळगांवकरांच्या डोळ्यांतला मत्सर शेवटच्या रांगेतूनही दिसतो. नाटकाला मी बाविसाव्या रांगेत होतो. मला खाँसाहेबांची शेरवानी तेवढी नीट दिसली. आणि हे नाटक ज्यांच्या गावी कधी गेलं नाही, त्यांच्यापर्यंत अभिषेकीबुवांच्या चाली या चित्रपटाने पोचवल्या, ही रक्कम लहान नव्हे.

आता नावेची बाजू. खाँसाहेबांचा चेहरा सचिन यांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. दोन्ही अस्सल, पण एकाच्या खात्यावर दुसऱ्याची सही आमच्या बँकेत चालत नाही. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच गातात. तिथे सही जुळते आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही फरक कळतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. 'कट्यार' ही गळ्याची गोष्ट आहे. एकच पद दोन घराण्यांचे गवई आपापल्या ढंगाने गातात आणि सगळा झगडा समोर उभा राहतो. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, हा तिचा कणा. रंगमंचावर ही भीती खरी असते. समोरच्या माणसाला त्या रात्री सर्दी असू शकते, तान निसटू शकते. ती निसटत नाही तेव्हा आपणही सुटकेचा श्वास टाकतो. पडद्यावर तान निसटणारच नसते. चुकली असती तर ती स्टुडिओतच पुन्हा घेतली असती. आवाज जाण्याची गोष्ट, आवाज जाऊच शकत नाही अशा ठिकाणी ऐकायची! म्हणजे रोकड न मोजता ताळेबंद वाचण्यासारखंच.

हे सगळं मला तेव्हा सुचलं नव्हतं. ते अण्णांनी सुचवलं, तेही एकाच शब्दात. 'सुरत पिया की' संपलं आणि त्या थंडगार अंधारात अण्णा कडाडले, ''वन्समोर!''

दोघे-तिघे हसले. मागून एक मुलगा अदबीने म्हणाला, ''आजोबा, यूट्यूबवर आहे.'' पडद्याला काहीच ऐकू आलं नाही. पुढचा प्रसंग सुरू झाला. अण्णा खुर्चीत थोडे खाली सरकले. मी पडद्याकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर हिने मोबाइलवर तेच पद लावून दिलं. अण्णांनी डोळे मिटून तीनदा ऐकलं.

मी म्हटलं, ''अण्णा, घ्या, तीन-तीन वन्समोर मिळाले!''

''मिळाले रे,'' ते म्हणाले. ''पण मी मागितलं म्हणून तो गायला का?''

त्यानंतर मी हा हिशेब पुष्कळदा मांडला. चित्रपट चांगला, नाटकही चांगलं, दोन्हीकडच्या रकमा बरोबर. तरी फरक येतोच, बरोबर एका वन्समोरचा. तो मी सध्या सस्पेन्स खात्यात टाकून ठेवला आहे.